गिफ्ट कार्ड घेण्याआधी दुकानाला फोन केलात का?

मागच्या वर्षी भाचीच्या लग्नाचा बस्ता होता. क्रेडिट कार्डाच्या पोर्टलवर, म्हणजे बँकेच्या खरेदीच्या वेबसाइटवर, एका मोठ्या कपड्यांच्या दुकानाची गिफ्ट कार्डं घेतली तर पाचपट रिवॉर्ड पॉइंट मिळणार असं दिसलं आणि मी 5,000ची चार घेऊन टाकली. पॉइंटांची किंमत 900 रुपयांच्या आसपास निघत होती. दोन दिवस घरात हुशारी मिरवली. मग सगळं लटांबर घेऊन साताऱ्यातल्या पोवई नाक्याकडच्या त्याच नावाच्या दुकानात गेलो. दोन तास साड्या उलगडून झाल्या, काउंटरवर मोबाइल पुढे केला, तर बिल करणारं पोरगं म्हणालं, "मॅडम, ही फ्रँचायझी आहे. हा कोड कंपनीच्या दुकानातच लागतो. पुण्याला जावं लागेल." मागे रांग, शेजारी जाऊबाई. पुढचं सांगत नाही.

पुण्याला गेलो. सातारा ते पुणे 110 किलोमीटर, तेवढंच परत. पेट्रोलच दीड हजाराचं, आनेवाडी आणि खेड शिवापूरचा टोल जाता-येता वेगळा, रविवार गेला तो गेलाच. 900 रुपये कमावायला हे.

यंदा पुतण्याची मुंज आहे आणि मी पुन्हा कार्डं घेणार आहे, म्हणून ही तयारी लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी कागद घ्या आणि त्यावर लिहा की ही कार्डं नेमकी कुठल्या दुकानात, कुठल्या काउंटरवर वापरणार आहात. ब्रँडचं नाव पुरत नाही, दुकान लिहा. मग त्या दुकानाला फोन करा. पैसे भरण्याआधी करा. पोर्टलवर कार्डाच्या खाली बारीक अक्षरात "निवडक दुकानांत ग्राह्य" असं असतं, आणि त्या निवडक दुकानांत सातारा, कराड, सांगली क्वचितच निघतं. मोठ्या ब्रँडची पाटी आपल्याकडे लागलेली असते, पण दुकान बऱ्याचदा इथल्याच कुणा व्यापाऱ्याने फ्रँचायझीवर घेतलेलं असतं. कंपनीचे पैसे कंपनीकडे, त्याचा गल्ला त्याच्याकडे. तो तुमचा कोड का घेईल?

फोनवर काय विचारायचं तेही शिकून घ्या, कारण दुसऱ्या एका दुकानाला मी नंतर फोन केला तेव्हा तिथंही फसत होते. "गिफ्ट कार्ड चालतं का?" असं विचारलं तर ते "हो हो" म्हणतात. त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांनीच विकलेलं प्लास्टिकचं कार्ड असतं. तुम्ही विचारायचं असं: "ऑनलाइन घेतलेलं ई-गिफ्ट व्हाउचर आहे, मोबाइलवर कोड आणि पिन येतो, तो तुमच्या मशीनवर लागतो का? तुमचं दुकान कंपनीचं की फ्रँचायझी? एका बिलावर किती व्हाउचर घेता?" फोन उचलणाऱ्याला माहीत नसेल तर मॅनेजरला मागा. मॅनेजर जेवायला गेला असेल तर थांबा. कार्ड संध्याकाळी घेतलं तरी काही बिघडत नाही.

अमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या ऑनलाइन दुकानांच्या कार्डांना हा त्रास नाही, ती साताऱ्यातही तशीच चालतात. फक्त अमेझॉनचं कार्ड एकदा एका खात्यात भरलं की तिथून हलवता येत नाही, आणि त्या शिल्लकीतून दुसरं गिफ्ट कार्डही घेता येत नाही. तेव्हा नवऱ्याच्या खात्यात भरायचं की आपल्या, ते आधी ठरवा.

आता बँक. पॉइंट सगळ्या खर्चावर मिळतात ही समजूत सोडून द्या. वॉलेट भरणं, पेट्रोल, घरभाडं यांवर बऱ्याच बँका पॉइंट देत नाहीत, आणि प्रीपेड (आधी पैसे भरून ठेवलेल्या) किंवा गिफ्ट कार्डाची खरेदीही काहींनी वगळली आहे किंवा तिच्यावर महिन्याची मर्यादा घातली आहे. बँक हे ओळखते ते दुकानदाराच्या चार आकडी वर्गवारी कोडवरून. प्रीपेड कार्डात पैसे भरण्याचा 6540 हा कोड पडला तर बहुधा शून्य पॉइंट. तुम्ही मनात कपडे घेत असता, बँकेच्या लेखी तुम्ही वॉलेट भरत असता. म्हणून बँकेच्या ॲपमधली अटींची पीडीएफ उघडा, "वगळलेले व्यवहार" शोधा, आणि महिन्याला जास्तीत जास्त किती पॉइंट मिळतात तो आकडा लिहून घ्या. त्या आकड्याच्या वर घेतलेल्या कार्डांचा काही उपयोग नाही. वार्षिक फी माफ करून घेण्यासाठी खर्च वाढवत असाल तर तो खर्च त्यात धरतात का तेही तिथंच बघा. ते वर्ष जानेवारीपासून नव्हे, बहुतेक वेळा कार्ड मिळालं त्या महिन्यापासून मोजतात.

हिशेब करा, कॅल्क्युलेटरवर करा. 10,000च्या कार्डावर विकणाऱ्याने 2 टक्के सुविधा शुल्क लावलं तर 200, त्यावर 18 टक्के जीएसटी 36, झाले 236. तुमचं कार्ड 100 रुपयांना 2 पॉइंट देत असेल आणि पॉइंट 25 पैशांचा असेल, तर मिळाले 50 रुपये. म्हणजे 186 रुपये देऊन आपण पॉइंट विकत घेतले. वर ते पॉइंट वटवताना काही बँका 99 रुपये अधिक जीएसटी घेतात. आणि सणाच्या सेलमध्ये "या बँकेच्या कार्डावर 10 टक्के सूट" असते ना, ती कार्डाने थेट पैसे भरले तरच. गिफ्ट कार्डाने बिल भरलंत की ती गेली. मोठी खरेदी सेलमध्येच करायची असेल तर गिफ्ट कार्डाच्या नादाला लागू नका.

खरं तर मुंजीचा निम्मा बाजार आपण अशा दुकानांत करतो जिथं मालक वडिलांच्या ओळखीचा असतो आणि "जरा बघा की" म्हटलं की शे-दोनशे सुटतात. ते पॉइंटांपेक्षा जास्त भरतात. पण चटक लागली की लागते.

किती घ्यायची? रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अनेक दुकानांत चालणारं प्रीपेड गिफ्ट कार्ड 10,000च्या वर नसतं, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यातून रोख काढता येत नाही. पण एकाच ब्रँडच्या दुकानांत चालणारी व्हाउचर त्या नियमांच्या बाहेर असतात. त्यामुळे प्रीपेड कार्डाला निदान वर्षाची मुदत मिळते, तशी खात्री यांची नाही. माझ्या चारांची मुदत सहाच महिने होती. म्हणून आधी सगळ्यात लहान रकमेचं एकच कार्ड घ्या, ते दुकानात नेऊन रुमाल, मोजे काहीही घेऊन वापरून बघा, बँकेत पॉइंट पडतात का तेही बघा, मग बाकीची. हे पहिलं कार्ड घेण्याआधीच दुकानाला फोन केलेला असावा, हे पुन्हा सांगते. मी एका लहान कार्डावर प्रयोग केला असता तर त्या दिवशी रुमालावरच भागलं असतं.

क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरायचं. किमान रक्कम भरून चालेल असं वाटत असेल तर हे वाचणं इथंच थांबवा. व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यावर जीएसटी, आणि थकबाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. पाचपट पॉइंट महिन्याभरात फस्त. स्टेटमेंटच्या तारखेनंतर लगेच खरेदी केली तर पैसे भरायला महिना-दीड महिना मिळतो, तेवढंच.

आणि कुणी ओळखीचा "कार्ड घासून देतो, दोन टक्के कापून रोख घे" म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा. ओळखीच्यांसाठी कार्डं घेऊन विकण्याचा उद्योगही नको. बँका कार्ड बंद करतात, पॉइंट जप्त करतात. वर्षात 10 लाखांच्या वर कार्डाची बिलं भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते.

कोड आला की त्याचा स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, कोड ज्याच्या हाती त्याचे पैसे. मुदत कॅलेंडरवर लिहा, फोनमधल्या नव्हे, स्वयंपाकघरातल्या.

दुकानात जाताना: मोबाइलला चार्जिंग. एका बिलावर किती व्हाउचर ते विचारून ठेवलेलं. पुण्यात आम्हाला दोनच लागली, दोन बिलं करावी लागली, काउंटरवरच्याने तोंड वाकडं केलं. काही व्हाउचर एकदाच वापरता येतात, उरलेले पैसे जातात, म्हणून बिल कार्डापेक्षा थोडं जास्त करा. परत केलेल्या मालाचे पैसे बँकेत येत नाहीत, व्हाउचरवर येतात, म्हणजे पुन्हा तेच दुकान, पुन्हा तोच टोल.

बिल जपा. पॉइंट पडले का ते पुढच्या स्टेटमेंटला बघा, नसतील तर तक्रार करा. बाकी ओटीपी वगैरे तुम्हाला माहीत आहे.

मी सोमवारी सकाळी अकराला फोन करणार आहे, दुकान उघडल्यावर. नंबर फ्रीजवर चिकटवलाय.