लॅपलँडला बसने निघताना आधी सपाता भरा

गेल्या फेब्रुवारीत मी हेलसिंकीहून लॅपलँडच्या, म्हणजे फिनलंडच्या उत्तर टोकाच्या, बस-सहलीला लोकरी मोजे, जाडजूड बूट, थर्मलचे दोन जोड असं सगळं घेऊन गेले होते. तरीही इनारीच्या पुढे एका रात्री माझ्या उजव्या पायाची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली. कारण एकच, बसमध्ये घालायला माझ्याकडे सपाता नव्हत्या. म्हणून ही यादी तिथूनच सुरू करते.

काय होतं ते समजून घ्या. हेलसिंकी ते रोवानिएमी 800 किलोमीटरहून जास्त अंतर आहे आणि ते रात्रभर बसून कापायचं असतं. पुढे सारीसेल्का, इनारी, मग नॉर्वे. बसमध्ये हीटर चालू असतो, आणि तुमचे पाय उणे 30 साठी बनवलेल्या बुटांत कोंडलेले असतात. ते घामेजतात, पण तुम्हाला कळत नाही, कारण तेव्हा छान ऊबच वाटत असते. घाम आधी मोज्यात मुरतो, मग इनसोलमध्ये, म्हणजे बुटाच्या आतल्या सुट्या तळात. मध्येच आकाशात उत्तर ध्रुवीय प्रकाश दिसला की कुणीतरी ‘ऑरोरा, ऑरोरा’ म्हणून ओरडतं, ड्रायव्हर बस बाजूला घेतो आणि सगळे तसेच खाली धावतात. बाहेर उणे 27. पाणी कोरड्या हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं, आणि तुम्ही ओल्या मोज्यांनिशी बर्फावर उभे असता. आधी बोटं दुखली, मग दुखायची थांबली. मला वाटलं, बरं झालं. तेच धोक्याचं लक्षण होतं. बसमध्ये येऊन बूट काढला तर मोज्याचं टोक पुठ्ठ्यासारखं कडक झालेलं. गाइडने पाय चोळू दिला नाही, हीटरजवळही धरू दिला नाही, कारण बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. दोन्ही तळव्यांमध्ये बोटं धरून बसायला लावलं. अर्ध्या तासाने कळ यायला लागली तेव्हा कुठे तिचा चेहरा सैल झाला. बाकीच्यांनी तोवर आकाश पाहून घेतलं होतं.

तर, सपाता. कसल्याही चालतील, घरातल्या, फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या), पण मोकळ्या हव्यात. बस सुटली की बूट काढायचे, इनसोल उपसून बाहेर ठेवायचे, मोजे बदलायचे आणि सपाता घालायच्या. थांबा यायच्या दहा मिनिटं आधी कोरडे मोजे आणि बूट चढवायचे. दर वेळी. कंटाळा आला तरी. आणि बूट एक माप मोठे घ्या. दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला की आतली हवाच संपते, आणि ऊब त्या हवेचीच असते.

सपाता डिकीतल्या बॅगेत ठेवू नका. हे वेगळं सांगते, कारण दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीने नेमकं तेच केलं. डिकी कधी उघडायची हे ड्रायव्हर ठरवतो. त्याला साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, तो नियम आहे. त्यामुळे थांबे आखलेले असतात, तुमच्या बॅगेसाठी जास्तीचा थांबा होत नाही. जवळ एक छोटी बॅग ठेवा. तिच्यात सपाता, मोज्यांचे दोन जोड, टोपी, हातमोजे, पाण्याची बाटली, औषधं, चार्जर. बाटली कुठल्याही नळावर भरा, पाणी पिण्याचंच असतं.

कपड्यांचं थोडक्यात: अंगाला लोकर, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं. जीन्स नको, कापूस तर नकोच. हातांना आत पातळ हातमोजे आणि वर मिटन (चारही बोटं एकत्र मावणारे जाड हातमोजे), म्हणजे फोटो काढताना बोटं उघडी पडत नाहीत. रिफ्लेक्टर, म्हणजे गाडीच्या दिव्यात चमकणारी पट्टी, जॅकेटला अडकवा. फिनलंडमध्ये अंधारात रस्त्याने चालताना तो लावणं कायद्याने अपेक्षित आहे, आणि अगदी उत्तरेच्या उत्स्योकीला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, म्हणजे अंधार किती ते बघा.

कागदपत्रं. पासपोर्ट आणि फिनलंडच्या रहिवासी परवान्याचं कार्ड, दोन्ही, मूळ. फोटो चालत नाही. नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, म्हणून न्यायची गरज नाही असं कुणी सांगेल. ऐकू नका. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, सीमेवरच्या नेअटेमोच्या बाजूने पलीकडे जाताना कस्टम्सवाले बस थांबवू शकतात, आणि दोन्ही देशांत परदेशी माणसाला विचारल्यावर ओळख दाखवावी लागते. पैसे तिथे क्रोन, इथे युरो. कार्ड दोन्हीकडे चालतं, रोख बदलायच्या भानगडीत पडू नका.

वेळेचा घोळ मात्र हमखास होतो. नॉर्वेचं घड्याळ फिनलंडच्या एक तास मागे आहे. सीमेजवळ फोन कधी या बाजूचं नेटवर्क पकडतो, कधी त्या, आणि वेळ आपोआप पुढे-मागे उडी मारते. ‘तीनला बसपाशी’ असं गाइड म्हणाली की कुणाचे तीन, हे तिथल्या तिथे विचारा. साधं मनगटी घड्याळ असेल तर फिनलंडच्या वेळेवरच राहू द्या.

नॉर्वेतल्या बुगॉयनेस या किनाऱ्यावरच्या गावी सॉना (गरम वाफेची खोली) आणि समुद्रात डुबकी असते. बॅरेंट्स समुद्राचं हे पाणी हिवाळ्यातही गोठत नाही, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह तिथवर पोचतो, पण अंगाला ते उबदार लागेल अशी आशा ठेवू नका. टॉवेल, पोहण्याचे कपडे, ओलं भरायला प्लास्टिकची पिशवी. आणि इथेही पायांचंच बघा: सॉनापासून पाण्यापर्यंत अनवाणी चाललात तर तळवा बर्फाला चिकटल्यासारखा होतो. जुने लोकरी मोजे घालून जा, ते ओले झाले की थेट पिशवीत. मग पाय पुसा, कोरडे मोजे घाला, बसमध्ये सपाता. कळतंय ना, प्रत्येक वेळी तेच?

नॉर्डकॅपपर्यंत, म्हणजे नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या कड्यापर्यंत, जाणारी सहल असेल तर वेळापत्रकावर फार विसंबू नका. हिवाळ्यात शेवटचे 13 किलोमीटर बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या मागे रांगेनेच जावं लागतं, आणि वारा चढला तर रस्ता बंदच होतो. तिथे पोचायच्या आधी 6.9 किलोमीटरचा, समुद्रसपाटीखाली 212 मीटरपर्यंत उतरणारा बोगदा लागतो. कान दडतात, चघळायला काहीतरी ठेवा. मळमळीची गोळी घेत असाल तर बस हलायच्या आधी घ्या, नंतर उपयोग नाही.

फोन आतल्या खिशात, अंगाजवळ. थंडीत बॅटरी 40 टक्क्यांवरून सरळ शून्यावर येते. कॅमेरा बाहेरून आत आणताना आधी बाहेरच पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर काचेच्या आत वाफ धरते.

केबिनमध्ये चादरी बहुतेकदा मिळत नाहीत, भाड्याने घ्याव्या लागतात किंवा न्याव्या लागतात. आधी विचारा. आत शिरताना बूट दाराशीच काढतात, तेव्हा सपाता पुन्हा लागतीलच. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, इनसोल वेगळे वाळवा. सॉनाच्या दगडांजवळ ठेवू नका, गोंद सुटतो.

हस्कींच्या, म्हणजे गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या जागी जाताना तुमचं चांगलं जॅकेट नको, ते लोक वरून घालायचा अंगभर ओव्हरऑल देतात. रेनडिअरला मालक असतात, मागे धावू नका. सीटबेल्ट लावा, रेनडिअर रस्त्यात आले की ड्रायव्हरला करकचून ब्रेक मारावा लागतो.

तातडीच्या मदतीचे नंबर: फिनलंडमध्ये सगळ्याला 112, नॉर्वेत रुग्णवाहिकेला 113.

परतीला फार लिहीत नाही. रोवानिएमीनंतर सगळे झोपतात. ओले कपडे डिकीत, खाणं थोडं जवळ, इअरप्लग. बूट काढा.