मराठवाड्यातून दुबईला : स्टेअरिंग हाती घेण्यापूर्वी

जालना, बीड, परभणी, नांदेड या भागांतून नोकरीसाठी दुबईला जाणाऱ्यांपैकी कित्येकांचा हात गाडीवर उत्तम बसलेला असतो. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावरून सुखरूप काढणारा माणूस शेख झायेद रस्त्यावर, म्हणजे दुबईच्या मुख्य महामार्गावर, मात्र बावचळतो, याचे कारण त्याचे कौशल्य कमी आहे हे नव्हे. आपल्याकडची वाहतूक हॉर्न, हात आणि समोरच्याची नजर यांवर चालते. दुबईची वाहतूक दिवा, पट्टा आणि कॅमेरा यांवर चालते. एवढा फरक एकदा मनात पक्का केला की तिथल्या विचित्र आणि गमतीच्या वाटणाऱ्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो.

परवान्यापासून सुरुवात करू. पर्यटक म्हणून गेल्यास आंतरराष्ट्रीय परवान्यावर भाड्याची गाडी मिळते, परंतु निवासी व्हिसा लागल्यावर तिथलाच परवाना काढावा लागतो. डोळ्यांची तपासणी, लेखी ज्ञानाची परीक्षा, मैदानावरची पार्किंगची परीक्षा आणि शेवटी रस्त्यावरची परीक्षा, असा तो क्रम असतो. मैदानावर गॅरेज पार्किंग, तिरपे पार्किंग, समांतर पार्किंग, चढावर गाडी थांबवून पुढे नेणे आणि अचानक ब्रेक लावणे हे प्रकार करून दाखवायचे असतात. वर्षानुवर्षे गाडी चालवलेली माणसे इथे नापास होतात ती बहुधा मान न वळवल्यामुळे. लेन बदलताना आरसा पाहिला एवढे पुरत नाही. खांद्यावरून मागे पाहिल्याचे परीक्षकाला दिसले पाहिजे. म्हणून मान थोडी जास्तच वळवावी, त्यात संकोच बाळगू नये.

गाडीत बसल्यावर चालक डावीकडे आणि रस्त्याची बाजू उजवी, हे सर्वांना आधीच माहीत असते. फसवतात त्या स्टेअरिंगच्या दोन दांड्या. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, तिथे तो डाव्या हाताला असतो आणि उजव्या हाताला वायपर येतो. त्यामुळे नवा चालक वळण आले की सवयीने उजवी दांडी दाबतो आणि कडक उन्हात, कोरड्या काचेवर वायपर खरखर करत फिरू लागतो. आकाशात ढग नसताना एखाद्या गाडीचे वायपर असे फिरताना दिसले, तर तो चालक बहुधा भारतातून किंवा पाकिस्तानातून नुकताच आलेला आहे असे खुशाल समजावे आणि त्याच्यापासून थोडे अंतर राखावे, कारण त्याचा इंडिकेटर लागलेलाच नसतो. यावर उपाय म्हणजे गाडी उभी असतानाच डाव्या हाताने इंडिकेटर देण्याचा सराव करणे. काचेवर वाळूची पूड असेल तर आधी पाणी मारावे. कोरडा वायपर काचेवर ओरखडे पाडतो.

गोल चौकात डावीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. आपली नजर सवयीने उजवीकडे जाते, ती जाणीवपूर्वक डावीकडे न्यावी.

आता दिव्याची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची हीच आहे. आपल्याकडे अरुंद पुलावर समोरच्या ट्रकने डिपर मारला की ‘मी येतो आहे, तू थांब’ असा त्याचा अर्थ होतो. दुबईत डिपर मागून येतो. सर्वांत डावीकडच्या लेनमध्ये आपण असताना मागच्या गाडीने दोन वेळा दिवे चमकवले, तर तो बाजूला सरकण्याचा निरोप असतो. त्यात अपमान मानू नये, वेगही वाढवू नये आणि गडबडीने ब्रेक तर मुळीच लावू नये. इंडिकेटर देऊन उजवीकडच्या लेनमध्ये जागा मिळताच सरकावे. मागून अगदी चिकटून येणे हा तिथे गुन्हाच आहे आणि त्यासाठी ४०० दिरहॅम दंड होतो, पण तो दंड करण्याचे काम पोलिसांवर सोडावे. पुढे वाहतूक अचानक थबकली तर तिथले चालक मागच्यांना इशारा म्हणून चारही इंडिकेटर लावतात. तसे दिसले की लगेच वेग कमी करावा.

फाटा चुकणे हा दुबईतला रोजचा प्रकार आहे. एका बाजूला सहा-सात लेन, त्यांतून उजवीकडे फुटणारे रस्ते आणि त्या रस्त्यांना पुढे पुन्हा फुटणाऱ्या शाखा. आपल्याकडे फाटा चुकला तर गाडी कडेला घेऊन टपरीवर विचारता येते, चार पावले मागेही घेता येते. तिथे हे दोन्ही अशक्य. हजार मीटर आधीपासून योग्य लेन धरावी, आणि तरीही चुकलेच तर निमूटपणे पुढे जाऊन पुढच्या इंटरचेंजवरून वळून यावे. शेवटच्या क्षणी चार लेन आडव्या कापणारा चालक दहा मिनिटे वाचवायला जातो आणि स्वतःबरोबर इतरांचाही जीव टांगणीला लावतो. निघण्यापूर्वी समृद्धी महामार्गावर एकदा तरी लेन न बदलता लांबवर गाडी चालवून पाहावी. सराव म्हणून आपल्याकडे त्याहून चांगली जागा नाही.

वेगाच्या बाबतीत दुबईत एक अजब सवलत आहे. फलकावर १०० लिहिलेले असले तरी कॅमेरा साधारणतः २० किलोमीटरची सूट देतो आणि सर्वांना ती पाठ असते. परंतु त्याच रस्त्याने अबू धाबीच्या हद्दीत शिरताच ही सूट संपते. तिथे २०१८ पासून फलकावरचा आकडा हीच मर्यादा आहे. म्हणून सवलतीचा हिशेब न करता फलकाप्रमाणेच चालवावे. सिग्नलचा हिरवा दिवा पिवळा होण्याआधी लुकलुकतो. तेव्हा पाय ब्रेककडे न्यावा. लाल दिवा तोडल्यास १,००० दिरहॅम दंड, १२ काळे गुण (म्हणजे चालकाच्या नावावर साचणारे दंडाचे गुण) आणि गाडी ३० दिवस जप्त होते. चोवीस गुण साचले की परवाना निलंबित होतो.

‘सालिक’ हा टोल २००७ पासून आहे, पण तिथे नाका नाही, दांडा नाही, रांगही नाही. काचेवरचा टॅग कमानीखालून जाताना वाचला जातो आणि खात्यातून पैसे जातात. जानेवारी २०२५ अखेरपासून गर्दीच्या वेळी ६ दिरहॅम आणि एरवी ४ दिरहॅम लागतात, मध्यरात्री १ ते सकाळी ६ पर्यंत काहीच लागत नाही.

हॉर्नला मात्र दुबईत एक ठरलेली जागा आहे, ती म्हणजे चहाची कॅफेटेरिया. तिथे गाडी दारासमोर उभी करून एकदा हलकासा हॉर्न दिला की आतून मुलगा येतो, काच खाली होते, ‘करक’ सांगितला जातो आणि वेलदोड्याचा दाट दुधाळ चहा कागदी पेल्यात गाडीतच मिळतो. मराठवाड्याच्या माणसाला हा चहा पहिल्याच घोटात आपला वाटतो. फक्त मागची वाट अडणार नाही अशी गाडी लावावी. रस्त्यावर इतरत्र हॉर्न धोका टाळण्यापुरताच, आणि ‘काय राव’ म्हणून हात उंचावण्याची सवय तर भारतातच ठेवून जावी, कारण रस्त्यावर केलेला हातवारा अश्लील ठरला तर प्रकरण थेट पोलिसांत जाते.

मे महिन्याचे आपले ऊन सोसलेल्यालाही तिथला जुलै-ऑगस्ट जड जातो. उभ्या गाडीच्या काचेवर आतून ऊनरोधक लावावा, बसण्याआधी दोन्ही बाजूंची दारे उघडून कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यावी आणि सीट बेल्टचे लोखंडी टोक उघड्या बोटांनी पकडू नये. लायटर, अत्तराचे डबे गाडीत ठेवू नयेत, आणि मूल तर क्षणभरही एकटे ठेवू नये. पाच वर्षांहून जुने टायर चालत नाहीत. टायरवर चार आकडे असतात. १८२३ असेल तर तो २०२३ च्या अठराव्या आठवड्यात बनलेला आहे. जुनी गाडी घेताना हे आकडे स्वतः वाकून वाचावेत.

शहराबाहेर वाऱ्याने रस्त्यावर वाळू येते. खडीवर गाडी जशी घसरते तशीच ती वाळूवर घसरते, म्हणून तिथे जोरात ब्रेक लावू नये. उंटांचे फलक शोभेसाठी नसतात; रात्री काळोखात उंटाचे लांब पाय दिव्यात उशिरा दिसतात. हिवाळ्यात पहाटे दाट धुके पडते, तेव्हा चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, वेग कमी करून अंतर वाढवावे. पाऊस क्वचित पडतो, पण पडला की शहर थबकते. १६ एप्रिल २०२४ रोजी तिथे ७५ वर्षांतला सर्वाधिक पाऊस झाला आणि भुयारी मार्गांत गाड्या बुडाल्या. पुलावरून पाणी वाहताना थांबण्याची आपल्याकडची शहाणपणाची रीत तिथेही पाळावी; पूर आलेल्या वाडीत, म्हणजे कोरड्या ओढ्यात, गाडी घातल्यास २,००० दिरहॅम दंड आणि २३ गुण पडतात.

शेवटी सुटीवर गावी येण्याआधीचे एक काम. धुळीने माखलेली गाडी सार्वजनिक जागेत पडून राहिली तर ५०० दिरहॅमपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे इमारतीत बादली-फडके घेऊन गाड्या धुणाऱ्या माणसाला महिन्याचे पैसे आधीच देऊन ठेवावेत आणि गाडीची चावी एखाद्या भरवशाच्या मित्राकडे सोपवून मगच विमानतळ गाठावा.