घरी बनवायची मॉपची फळी: सांधा, मापं आणि फडकं

मॉप पुढे ढकलताना ठेचकाळतो, तेव्हा बहुतेक वेळा फडकं निर्दोष असतं. दांडा फळीला जोडणारा सांधा फार उंच असतो. ओलं फडकं फरशीला धरून ठेवतं, दांडा वरून रेटतो आणि फळीची मागची कड उचलली जाते. म्हणून १० सेंटिमीटर रुंद फळीवर हा सांधा जमिनीपासून साडेतीन सेंटिमीटरच्या आतच हवा. बाकीची मापं त्यावरूनच ठरतात.

फळीसाठी १२ मिलिमीटर जाडीचा पीव्हीसी बोर्ड घ्या, ३५ × १० सेंटिमीटर. किचन ट्रॉली बनवणाऱ्या सुताराकडे एवढा तुकडा सहज उरलेला असतो. प्लाय नको, पाण्याने त्याच्या कडा फुगतात आणि थर सुटतात. कोपरे कानशीने गोल करा, नाहीतर फडकं आधी तिथेच फाटतं.

सांध्याला लागतात २ मिमी जाड, २ सेंमी रुंद अशा दोन एल-पट्ट्या, ६ मिमीचा ४० मिमी लांब स्टीलचा बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असल्याने आपोआप ढिला न होणारा) आणि प्लास्टिकचे दोन वॉशर. फळीच्या मधोमध पट्ट्यांचे उभे भाग समोरासमोर ठेवा, मध्ये २७ मिमी अंतर. आडवे पाय फळीच्या लांबीकडे. उभ्या भागात फळीपासून १५ मिमीवर ६ मिमीचं भोक पाडा. पट्ट्या स्क्रूने बसवू नका, या बोर्डात स्क्रू लवकर ढिले होतात. खालून ४ मिमीचे चपट्या डोक्याचे बोल्ट आरपार घाला, डोकी बोर्डात बुडवा आणि वरून नट लावा.

दांडा म्हणजे २५ मिमीचा ॲल्युमिनियम पाइप, साधारण १३० सेंमी लांब. खालच्या टोकात ५ सेंमीची लाकडी गुल्ली घट्ट ठोका. पोकळ पाइपवर नट आवळला की तो चेपतो. टोकापासून १३ मिमीवर आडवं भोक पाडा. मग बोल्टच्या पुढे-मागे येणाऱ्या दोन्ही कडा घासून टोक अर्धगोल करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण गाळू नका. भोकापासून सपाट टोकाचा कोपरा १८ मिमी भरतो आणि खाली जागा आहे १५ मिमी. दांडा आडवा केला की तो कोपरा फळीवर अडतो आणि मॉप पलंगाखाली जातच नाही.

दांडा दोन पट्ट्यांच्या मध्ये धरा, दोन्हीकडे एकेक वॉशर ठेवा आणि बोल्ट आरपार घाला. नट इतपतच आवळा की मॉप उचलल्यावर फळी आपल्या वजनाने हळूच झुकेल. रोज कुणाचं तरी मनगट या सांध्यावर चालणार आहे, तो जड राहिला तर दुखणं त्या मनगटाला.

आता फळीच्या तळाला जुन्या योगा मॅटचा ५ मिमीचा तुकडा लावा. फळी आणि मॅट, दोन्हींच्या चिकटणाऱ्या बाजूंना सँडपेपर मारा, रबर सोल्यूशन लावून दहाएक मिनिटं सुकू द्या, मग दाबा. हा मऊ थर नसेल तर फडकं उंच लाद्यांवरच टेकतं आणि खालच्या लाद्या कोरड्या राहतात.

फडक्याला जुना सुती टर्किश टॉवेल उत्तम. नवा असेल तर गरम पाण्यात धुऊन मगच कापा, तो आटतो. माप ३९ × २२ सेंमी, चारही बाजूंना १ सेंमी दुमड. उरलेल्या २० सेंमी रुंदीत १० तळाला जातात, दोन्ही कडांना मिळून साडेतीन, आणि वर दोन्हीकडे सव्वातीन-सव्वातीन सेंमी दुमडायला मिळतात. लांबीत दोन्ही टोकांना एक सेंमी बाहेर राहतं, तेच स्कर्टिंगच्या कोपऱ्यात पोचतं.

अडीच सेंमी रुंद वेल्क्रोची खरखरीत पट्टी फळीच्या वर दोन्ही कडांना लावा, मऊ पट्टी फडक्याच्या वर दुमडणाऱ्या भागाला आतून शिवा. नुसता चिकटणारा वेल्क्रो ओलाव्याने सुटतो. फळीवरच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना बारीक स्क्रू मारा, इथे भार कमी असल्याने ते टिकतात. पट्टीत केस अडकून पकड गेली की जुन्या टूथब्रशने साफ करा.

फडकी तीन शिवा, बाथरूमचं वेगळ्या रंगाचं. धुताना कपडे मऊ करणारं कंडिशनर घालू नका, सूत पाणी शोषेनासं होतं. पिळल्यावर थेंब गळत असेल तर आणखी पिळा, नाहीतर मळ विरघळून लाद्यांच्या सांध्यांत बसतो.