लोणारकडचा पोरगा लोणारच्याच उताऱ्यात अडकला: आयईएलटीएसच्या तयारीत या चुका टाळा

संध्याकाळी सहाला आमच्या गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत पोरंपोरी जमतात. कुणी नर्सिंग केलेली, कुणी कृषी पदवीधर, कुणी नुसतंच ‘बाहेर जायचं’ एवढं ठरवून आलेला. त्यांच्याकडून मी आयईएलटीएसचं, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचं, ऐकणं आणि वाचणं करून घेतो. फी घेत नाही, म्हणून रागावायची मुभा आहे. रागही येतो, कारण पोरं दरवर्षी नवी येतात आणि चुका जुन्याच घेऊन येतात.

ज्यांनी अजून पेपर पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऐकण्याचे चार भाग, 40 प्रश्न, सुमारे 30 मिनिटं. वाचनाचे तीन उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं. चाळीसपैकी साधारण 23 बरोबर आले तर 6 बँड (बँड म्हणजे नऊपैकी मिळणारी श्रेणी), 30 आले तर 7, 35 आले तर 8. म्हणजे सहावरून सातवर जायला सातच उत्तरं जास्त लागतात. ही सात उत्तरं बहुतेकांची इंग्रजी कच्चं असल्यामुळे जात नाहीत. ती कशी जातात ते सांगतो.

माहीत आहे म्हणून उत्तर लिहिणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी हिच्यावरच बोलतो.

वाचनात एक प्रकार असतो. एक विधान देतात आणि ते ‘ट्रू’, ‘फॉल्स’ की ‘नॉट गिव्हन’ (उताऱ्यात दिलेलंच नाही) ते सांगायचं असतं. मागे मी मुद्दाम लोणार सरोवरावर इंग्रजीत एक उतारा तयार केला. वर्गात मेहकरकडचा एक हुशार पोरगा होता. उतारा हातात पडताच म्हणतो, “सर, हे तं आपलंच हाय. माह्या मामाचं गाव तिथून आठ किलोमीटर.” पोराने वीस मिनिटांचं काम सात मिनिटांत संपवलं आणि पेन खाली ठेवून बाकीच्यांकडे पाहत बसला.

आठपैकी चार चुकले.

उताऱ्यात लिहिलं होतं की जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. विधान होतं, ‘खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे रंग बदलला.’ त्याने ट्रू लिहिलं. बातमी त्याने वाचली होती आणि ती खरीही होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून तेच सांगितलं होतं. पण उताऱ्यात कारणाचा एक शब्दही नव्हता. उत्तर नॉट गिव्हन.

दुसरं विधान, ‘लोणार हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ.’ (रामसर म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.) इथे त्याने आणखी हुशारी केली. नांदूर मध्यमेश्वरला तो मान लोणारच्या आधी मिळालाय हे त्याला ठाऊक होतं, म्हणून फॉल्स. उताऱ्यात एवढंच होतं की 2020 मध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला. पहिलं की दुसरं याचा उल्लेख नाही. पुन्हा नॉट गिव्हन. तिसरं, ‘अलेक्झांडर हा लोणारला आलेला पहिला युरोपियन.’ उताऱ्यात फक्त 1823 मध्ये या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली असं होतं. त्याच्या आधी कुणी गोरा येऊन गेला की नाही, देव जाणे. यानेही ट्रू ठोकून दिलं.

चौथी चूक उलटी होती. सरोवराचं वय आधी सुमारे 52 हजार वर्षं मानत, नंतरच्या एका अभ्यासात ते सुमारे 5 लाख 70 हजार निघालं, असं उताऱ्यात स्पष्ट होतं. विधान होतं, ‘वयाबद्दल शास्त्रज्ञांमध्ये कधी दुमत नव्हतं.’ सरळ फॉल्स. पण त्याने लहानपणापासून 52 हजारच ऐकलेलं, त्यामुळे ती ओळ वाचलीच नाही आणि ट्रू लिहून मोकळा झाला.

वर माझ्याशीच वाद. “पण सर, मी लिहेल खरं हाय का नाही?” खरं आहे, बावा. पण परीक्षेने तुला लोणार विचारलंच नव्हतं, उतारा विचारला होता.

तेव्हापासून मी सातबाऱ्याची गोष्ट सांगतो. सातबाऱ्यावर पीक कापूस लिहिलंय आणि तू म्हणतोस सोयाबीन, तर कागदच तुला खोटं पाडतो. ते फॉल्स. सातबाऱ्यावर विहिरीची नोंदच नाही आणि कुणी म्हणालं की शेतात विहीर आहे, तर? शेतात जाऊन पाहिलं तर असेलही विहीर. पण कागद ‘आहे’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. ते नॉट गिव्हन. शेतकऱ्याच्या पोराला हे एका मिनिटात कळतं. शहरातल्या क्लासच्या नोट्समध्ये याच गोष्टीवर चार पानं असतात.

माझी सवय अशी की प्रत्येक ट्रू आणि फॉल्सखाली उताऱ्यातल्या कुठल्या ओळीने तसं सांगितलं ते बोट ठेवून दाखवायचं. बोट ठेवता आलं नाही तर नॉट गिव्हन. वर्गात मी खरंच बोट ठेवायला लावतो. पोरं हसतात, हसू देत. आणि ‘नॉट गिव्हन किती असतात याचा हिशेब ठेवा, उरलेले अंदाजाने भरा’ असं कुणी मोबाइलवर शिकवत असेल तर त्याचा व्हिडिओ बंद करा. अंदाज शेवटच्या मिनिटाला रिकाम्या जागा भरण्यापुरता ठीक. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून कोरं काही सोडू नका. पण अंदाजालाच अभ्यास म्हणू नका.

घरी 36, नागपुरात 21

आता ऐकण्याकडे. इथलीही एकच गोष्ट लांबवून सांगतो, कारण ती आठवली की मला अजून वाईट वाटतं.

नर्सिंग झालेली एक मुलगी होती. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची, त्यासाठी ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत प्रत्येकी 7 आणि लेखनात 6.5 लागतात. घरी सराव करताना तिला ऐकण्यात 35-36 पडायचे. वही आणून दाखवायची, अक्षर मोत्यासारखं. मीही खूश. फी भरली. सोयाबीनच्या तेव्हाच्या भावाने ते जवळजवळ चार क्विंटलचे पैसे होते. पहाटेची एसटी धरून नागपूरला गेली, परीक्षा देऊन आली, निकाल लागला. ऐकण्यात साडेपाच. म्हणजे चाळीसपैकी फार तर एकवीस-बावीस.

आली आणि गप्प बसली. मी म्हटलं, “बाई, घरी कसं ऐकतेस ते एकदा माझ्यासमोर करून दाखव.” तिने मोबाइल काढला, ध्वनिफीत लावली, शांतपणे पूर्ण ऐकली. हातात पेन्सिल होती, पण ती हललीच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून लावली आणि लिहायला लागली. मधे अडलं तिथे थांबवली, दहा सेकंद मागे नेली, लिहिलं, पुढे गेली.

खोदून विचारल्यावर कळलं की तिच्याकडच्या निम्म्या ध्वनिफिती आयईएलटीएसच्या नव्हत्याच. कुणीतरी केंब्रिजच्या सी वन ॲडव्हान्स्ड परीक्षेच्या पाठवल्या होत्या. ती परीक्षा चांगली आहे, वरच्या पातळीची आहे, पण वेगळी आहे. तिच्यात ऐकण्याचे 30 प्रश्न असतात, साधारण 40 मिनिटं, आणि प्रत्येक ध्वनिफीत दोनदा वाजते. आयईएलटीएसमध्ये एकदाच. पहिल्यांदा समजून घ्यायचं, दुसऱ्यांदा लिहायचं, असं वळण तिच्या कानाला वर्षभर पडलं होतं. नागपुरातही पहिल्या भागात ती समजून घेत बसली आणि दुसरी वेळ आलीच नाही. एकदाच वाजणार हे तिला तोंडपाठ होतं. हाताला माहीत नव्हतं.

मी तिची वही पाहिली होती, तिला ऐकताना पाहिलं नव्हतं. ही चूक माझी.

आता नियम असा. परीक्षेसारखा सराव असेल त्या दिवशी मोबाइल धाकट्या भावाच्या हातात द्यायचा आणि त्याला सांगायचं की रडलो तरी थांबवू नको. तपासून झालं की त्या दिवशी पुन्हा ऐकायचं नाही. दुसऱ्या दिवशी तीच ध्वनिफीत घ्या आणि आता खुशाल थांबवा, मागे न्या, एकेक वाक्य शब्दन् शब्द उतरवून काढा. तिसऱ्या दिवशी त्या आवाजाबरोबर स्वतः बोलून पाहा. एका ध्वनिफितीला तीन दिवस! हे ऐकून निम्मी पोरं तोंड वाकडं करतात. “सर, त्या पोट्ट्यानं आठवड्यात चौदा टेस्ट मारल्या.” मारल्या असतील. पहिल्या टेस्टला त्याला 5.5 होते आणि चौदाव्यालाही 5.5 आहेत.

ती मुलगी पाच महिन्यांनी परत बसली. तेव्हा मिळाले 7. भावाने मात्र मोबाइल धरायचे रोज दहा रुपये घेतले म्हणे.

पहिला भाव हा भाव नसतो

बैलबाजारात दलालाने सांगितलेल्या पहिल्या आकड्यावर कुणी पैसे मोजतं का? ऐकण्याच्या पहिल्या दोन भागांत मात्र पोरं तेच करतात. “मंगळवारी भेटू... अरे नाही, मंगळवारी मला काम आहे, गुरुवार चालेल?” यांनी मंगळवार लिहून पुढची ओळ वाचायला घेतलेली असते. आकडा, वार, किंमत कानावर पडली की पेन्सिलने बारीक टिपा आणि पुढची दोन वाक्यं जाऊ द्या. सौदा तुटू शकतो.

एसटी सुटली की सुटली

एक उत्तर हुकलं की त्याच्यामागे धावू नका. मी स्वतः परीक्षा दिली तेव्हा चौदाव्या प्रश्नात एका रस्त्याचं नाव हुकलं. ते आठवत बसलो आणि पंधरा, सोळा, सतरा कधी गेले कळलं नाही. त्याआधी तीन वर्षं मी पोरांना हेच शिकवत होतो. त्या क्षणी डोळे पुढच्या प्रश्नावर नेणं हाताने पान उलटण्यासारखं अंगवळणी पडावं लागतं. त्यासाठी मी वर्गात मधेच एखादा प्रश्न खोकून बुडवतो. चिडतात, पण नंतर सावरायला शिकतात.

उच्चारांची भीती

“अमेरिकन समजते सर, ऑस्ट्रेलियन नाही समजत.” समजेल. ऑस्ट्रेलियन माणूस ‘टुडे’ म्हणतो ते आपल्या कानाला ‘टुडाय’सारखं लागतं. त्याने नावातलं ‘ए’ हे अक्षर सांगितलं की आपली पोरं ‘आय’ लिहून बसतात. न्यूझीलंडचा ‘पेन’ आपल्याला ‘पिन’ वाटतो. अशा चार-पाच खुणा धरल्या की अर्धी भीती जाते. उरलेली अर्धी तिथला रेडिओ रोज पंधरा मिनिटं ऐकून जाते, कूलर बंद करून. मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे हे मला मान्य आहे, म्हणून पहाटे पाचला ऐका. गोंगाटात सराव केला की कान तयार होतो असं एक शास्त्र आमच्याकडे फिरतं. ज्याला शांततेत वीस येतात त्याला डीजेसमोर बसवून तीस येणार नाहीत.

मनातल्या मनात मराठी करणं

साठ मिनिटांत तीन उतारे आणि पोरं प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत चाललेत. हे सुटायला वेळ लागतो आणि गोळी नाही. माझा उपाय मी एसटीत शोधला. इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख शब्दकोशाशिवाय, पेनाशिवाय वाचायचा, घडी घालायची आणि शेजारच्याला मराठीत दोन वाक्यांत सांगायचा. शेजारचा ऐकत नसला तरी चालतं. अडलेला शब्द दोनदा-तीनदा आडवा आला तरच शोधायचा. ‘रोज पन्नास शब्द पाठ’वाल्यांच्या वह्या मी पाहिल्यात. पहिली बारा पानं भरलेली असतात.

वेळेचं म्हणाल तर मी तिन्ही उताऱ्यांना सारखा वेळ देत नाही. पहिल्याला 17 मिनिटं, दुसऱ्याला 20, तिसऱ्याला 23, कारण तिसरा बहुधा जड असतो.

उरलेल्या, एकेका ओळीच्या

‘दोनपेक्षा जास्त शब्द नको’ लिहिलं असताना तीन लिहिले तर उत्तर बरोबर असूनही शून्य.

शेवटचा ‘एस’ ऐका. अनेकवचन खाल्लं की गुण गेला.

‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत जोर कुठे पडतो ते कानाने शिका.

परीक्षा कागदावर असेल तर ऐकण्याची उत्तरं उतरवायला 10 मिनिटं मिळतात, संगणकावर तपासायला फक्त 2. वाचनात दोन्हीकडे वेगळा वेळ काही मिळत नाही.

उताऱ्यातला शब्द प्रश्नात जसाच्या तसा दिसला की खूश होऊ नका, संशय घ्या.

आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफची उत्तरपत्रिका डोळे झाकून मानू नका. अशाच एका पीडीएफवरून मी एकदा वर्गाशी अर्धा तास भांडलो. उत्तर ‘बी’च आहे, का ते समजून घ्या, म्हणून फळा भरला. घरी येऊन शांतपणे पाहिलं तर पोरांचं ‘सी’ बरोबर होतं, छापणाऱ्याने एक ओळ खाली सरकवली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात कबूल केलं आणि सगळ्यांसमोर ती फाइल डिलीट केली. रात्री तीच फाइल मला तिघांनी पाठवली, ‘सर, खूप उपयोगी आहे’ असं लिहून.