डेनट्री नदीवरचा एक दिवस: मुंबईहून जाणाऱ्यांसाठी वर्षावन सहलीची आखणी

ऑस्ट्रेलियाला निघालेल्या मुंबईकरांच्या कार्यक्रमात सिडनी, मेलबर्न आणि गोल्ड कोस्ट ही नावे ठरलेली असतात, आणि कोणी ईशान्येकडच्या केर्न्सपर्यंत पोहोचलेच तर ते ग्रेट बॅरियर रीफचे प्रवाळ पाहण्यासाठी. त्याच केर्न्सपासून उत्तरेला रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर डेनट्री नदी आहे. तिच्या खोऱ्यातले जंगल जगातल्या सर्वांत जुन्या उष्णकटिबंधीय वर्षावनांपैकी एक मानले जाते आणि १९८८ पासून ते ‘वेट ट्रॉपिक्स ऑफ क्वीन्सलंड’ या मोठ्या क्षेत्राचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आहे. मार्गदर्शकासह सकाळी निघून संध्याकाळी परतता येते, पण दिवस कसा बांधायचा हे मुंबईतच ठरवून घ्यावे, कारण बहुतेक तयार सहलींमध्ये प्रत्यक्ष नदीच्या वाट्याला जेमतेम एक तास येतो आणि बाकीचा वेळ गाडीतून उतरण्यात, फोटो काढण्यात आणि पुन्हा गाडीत बसण्यात जातो.

पहिला प्रश्न ऋतूचा. तिथला खरा पावसाळा साधारण डिसेंबर ते मार्च असतो. म्हणजे मुंबईत छत्र्या बाहेर निघतात तेव्हा डेनट्रीच्या खोऱ्यात कोरडे, सौम्य दिवस सुरू झालेले असतात. जून ते सप्टेंबर हा काळ सर्वांत चांगला, आणि शाळांच्या सुट्टीमुळे मे महिन्यातच जावे लागले तरी बिघडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत उकाडा वाढलेला असतो, तरी नदीवरची फेरी व्यवस्थित होते. नाताळच्या सुट्टीत मात्र जोखीम आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळामागून आलेल्या पावसाने डेनट्रीला विक्रमी पूर आला आणि नदीपलीकडच्या वस्त्यांकडे जाणारा रस्ता दरडींनी बंद पडला. पावसात जंगल किती देखणे दिसते हे कोकणात आजोळ असलेल्या माणसाला सांगायला नको. पण हातात एकच दिवस असलेल्या पाहुण्याने तो धोका पत्करू नये, आणि पत्करायचाच असेल तर रस्ता बंद झाल्यास पैसे परत मिळतात का, हे आरक्षणाआधी लेखी विचारून घ्यावे.

ऋतूनंतर येते ती भरती-ओहोटी, आणि इथेच बहुतेक प्रवासी गाफील राहतात. डेनट्री समुद्राला मिळण्याआधी बरेच अंतर खाडीसारखी वाहते. तिच्या खालच्या पट्ट्यात दोन्ही काठांना दाट कांदळवन आहे, आणि ठाण्याच्या खाडीत सर्वत्र दिसणारे तिवर तिथेही उगवते, जातही तीच. ओहोटीला पाणी उतरले की चिखलाचे उतार उघडे पडतात आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरी ऊन खायला त्यांवर येऊन पसरतात. मगरीच्या शरीराचे तापमान बाहेरच्या हवेवर अवलंबून असल्यामुळे थंडीच्या महिन्यांत, म्हणजे तिथल्या जून ते ऑगस्टमध्ये, ती उन्हासाठी अधिक वेळ काठावर काढते. उन्हाळ्यात पाणीच उबदार असल्याने ती बुडून राहते आणि दिसले तर दोन नाकपुड्या आणि डोळ्यांचे उंचवटे एवढेच दिसते. म्हणून थंडीतली, स्वच्छ उन्हाची, ओहोटीशी जुळणारी सकाळ निवडावी. भरतीच्या वेळा आधीच प्रसिद्ध झालेल्या असतात. जवळच्या पोर्ट डग्लस या किनारी गावाच्या वेळा पाहाव्यात आणि नदीत आत जावे तसे पाणी थोडे उशिरा उतरते हे लक्षात ठेवावे. पक्ष्यांसाठी गणित वेगळे आहे. त्यांना पहाट लागते, मग पाणी कसेही असो. दोन्ही एकाच फेरीत साधण्याचा हट्ट धरू नये.

मुक्काम कुठे करावा याचे उत्तर त्यातूनच मिळते. केर्न्समध्ये राहिल्यास गाडी घ्यायला सातच्या सुमारास येते आणि नदीवर पोहोचेपर्यंत सकाळ निम्मी सरलेली असते. केर्न्सच्या उत्तरेला ६७ किलोमीटरवरच्या पोर्ट डग्लसमध्ये किंवा त्याच्या पुढे मॉसमनमध्ये आदल्या रात्री राहिल्यास जाता-येता मिळून दोन तास वाचतात, आणि हे दोन तास नदीवर घालवावेत असे माझे आग्रहाचे मत आहे.

आता मार्गदर्शकाविषयी, कारण या सहलीत पैसे मोजायचे ते मुख्यतः त्याच्या डोळ्यांसाठी. वर्षावनात प्राणी समोर येऊन उभे राहत नाहीत. आफ्रिकेच्या माळावर किंवा ताडोबाच्या पाणवठ्यावर दिसतात तसे इथे काहीच मोकळ्यावर नसते. होडीवाला इंजिनाचा वेग कमी करून काठालगतच्या एका फांदीकडे बोट दाखवतो आणि बराच वेळ आपल्याला तिथे फक्त मोडलेले, शेवाळलेले लाकूड दिसत राहते. मग त्या लाकडाला रुंद चोच असल्याचे जाणवते, चोचीच्या मुळाशी राठ केस दिसतात, आणि पापणीची फट किंचित उघडून आतला लालसर डोळा आपल्याकडे पाहतो. हा पापुअन फ्रॉगमाउथ, बेडकासारख्या रुंद तोंडाचा निशाचर पक्षी, दिवसभर तसाच ताठ बसून असतो. मार्गदर्शक नसता तर होडी त्याच्या दोन हातांवरून निघून गेली असती. वेलींच्या गुंत्यावर वेटोळे घालून ऊन खाणारा अजगर, निळ्याशार पाठीचा चिमुकला खंड्या आणि मोठ्या चोचीचा दुर्मीळ राखाडी बगळा यांनाही हेच लागू आहे.

त्यामुळे सहल निवडताना जाहिरातीतल्या ठिकाणांची संख्या पाहू नये. गाडीत एकूण किती माणसे असतील, होडीत प्रत्यक्ष किती वेळ मिळेल, होडी लहान आणि शांत इंजिनाची आहे का, होडीवर बोलणारा माणूस त्या नदीवर नेहमीचा आहे की बसचालकच ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगणार आहे, हे प्रश्न ईमेलने विचारावेत; उत्तराच्या तपशिलावरूनच बरेच कळते. सौरऊर्जेवर चालणाऱ्या होड्याही या नदीत आहेत, आणि इंजिनाचा आवाज नसल्याने त्यांवरून पाहणे व ऐकणे दोन्ही सुखाचे होते. ‘इकोटुरिझम ऑस्ट्रेलिया’ या संस्थेचे प्रमाणपत्र असलेल्यांना प्राधान्य द्यावे. मुंबईतल्या एखाद्या मराठी सहल कंपनीबरोबर चाळीस जणांच्या गटात जात असाल, तर त्या एका दिवसापुरते व्यवस्थापकांना सांगून स्थानिक छोटी सहल स्वतंत्रपणे घेता येते का ते पाहावे. आई-बाबा किंवा सासू-सासरे बरोबर असतील आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजीचा वेग त्यांना झेपणार नसेल, तर घरातल्या एकाने पक्षी, झाडे आणि मगर यांची चार नावे आधी वाचून ठेवावीत आणि होडीत त्यांच्या शेजारी बसावे.

जमल्यास निघण्यापूर्वी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत होडीची फेरी करून यावी. तीही भरतीच्या वेळेवरच सुटते, रोहितांच्या हंगामात तिला गर्दी असते, आणि हलत्या होडीतून दुर्बीण स्थिर कशी धरायची, कांदळाच्या मुळांमध्ये नजर कुठे ठेवायची याचा सराव घरापासून तासाभरावर होतो. ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरेशी आहे. त्याहून जड नेऊ नये.

आता दिवसाचा क्रम. सकाळी पहिल्यांदा नदी, मग जंगल, असा क्रम ठेवणारी सहल मी अधिक पसंत करीन. होड्या नदीच्या दक्षिणेकडच्या डेनट्री गावातून आणि खाली गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्याजवळून सुटतात. केवळ नदी पाहायची असेल तर पलीकडे जाण्याची गरजच नाही. जंगलात शिरायचे असेल तर पोलादी दोरांवर ओढल्या जाणाऱ्या सपाट बोटीवर गाडी चढवून नदी ओलांडावी लागते. या ठिकाणी पूल नाही. पलीकडे सार्वजनिक वीजजाळे नाही आणि मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज मिळत नाही, त्यामुळे घरी करायचे फोन, नकाशे आणि आरक्षणाच्या पावत्या अलीकडच्या काठावरच उरकून घ्याव्यात. भारतीय वेळेपेक्षा क्वीन्सलंड साडेचार तासांनी पुढे आहे. सकाळी आठला नदीवर उभे राहून फोन केलात तर मुंबईत पहाटेचे साडेतीन वाजलेले असतील.

पलीकडच्या डोंगरावर वालू वुगिरिगा नावाचे ठिकाण आहे, जिथून नदीचे मुख आणि समुद्र एका नजरेत दिसतात. तिथे दहा मिनिटे पुरतात. त्यानंतर लाकडी फळ्यांच्या पायवाटांपैकी एकच निवडायची झाल्यास मारजा ही निवडावी, कारण ती वर्षावनातून सुरू होऊन कांदळवनात जाते आणि होडीतून बाहेरून पाहिलेले जंगल आतून पाहायला मिळते. पायवाट सोडून आत शिरू नये. हृदयाच्या आकाराची, कातरलेल्या कडांची पाने असलेले ‘गिम्पी-गिम्पी’ नावाचे झुडूप या प्रदेशात आढळते. त्याच्या पानांवरचे काचेसारखे सूक्ष्म केस त्वचेत रुतले की होणारी वेदना आठवडेच काय, कधी महिनेही टिकते. आपली खाजकुइली त्यापुढे बाळबोध म्हणावी. केप ट्रिब्युलेशन या भूशिरापर्यंत डांबरी रस्ता आहे आणि तिथे वर्षावन थेट समुद्राला भिडते. तिथे जायला हरकत नाही, पण त्यासाठी नदीवरचा वेळ कापला जात असेल तर केप सोडून द्यावे.

कॅसोवरी हा माणसाएवढ्या उंचीचा, उडता न येणारा पक्षी दिसेल अशी आशा सर्वांना असते. दिसला तर भाग्य. पण त्याच्या पायाच्या आतल्या बोटाला सुमारे बारा सेंटिमीटरची सुरीसारखी नखी असते, म्हणून जवळ जाऊ नये, पळू नये, पाठीवरची सॅक पुढे धरून सावकाश मागे सरावे. त्याला खाऊ घालणे तर पूर्ण वर्ज्य, कारण रस्त्यालगत माणसांची वाट पाहू लागलेला कॅसोवरी गाडीखाली येतो. या जंगलातली मोठमोठी फळे गिळून त्यांच्या बिया दूरवर पसरवण्याचे काम हाच पक्षी करतो.

मगरींबाबत मात्र नशिबावर काहीच सोपवू नये. क्वीन्सलंडमध्ये १९७४ पासून त्यांना संरक्षण आहे आणि त्या या नदीत सर्वत्र असू शकतात, दिसोत वा न दिसोत. पाण्याच्या कडेपासून किमान पाच मीटर लांब राहावे, धक्क्यावर पाण्याच्या काठाशी वाकून सेल्फी काढू नये, होडीतून हात बाहेर सोडू नये आणि उरलेला चिवडा पाण्यात टाकू नये. तोंड उघडे टाकून पडलेली मगर चिडलेली नसते, ती शरीरातली उष्णता बाहेर टाकत असते. तरीही मुलांना कडेच्या आसनावर एकटे बसवू नये. डुंबण्याची हौस असेल तर परतीच्या वाटेवर मॉसमन गॉर्ज या घळीतल्या गोड्या, थंड पाण्यात ती भागवता येते, अर्थात पाऊस झालेला नसेल आणि तिथल्या फलकांवर मनाई नसेल तर. किनाऱ्यावरच्या समुद्रात साधारण नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिश असतात. तातडीच्या मदतीचा क्रमांक ०००.

मॉसमन गॉर्जला थांबणारी सहल मिळाली तर तिथल्या कुकू यलंजी या आदिवासी समाजाच्या मार्गदर्शकांबरोबरची पदयात्रा घ्यावी. हे जंगल त्यांचेच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी पूर्व कुकू यलंजी समाजाला औपचारिकरीत्या परत देण्यात आली आणि उद्यानाचा कारभार आता ते राज्य सरकारबरोबर संयुक्तपणे पाहतात. कोणते विषारी बी किती धुतले आणि कसे शिजवले की खाण्यालायक होते, हे त्यांच्याकडून ऐकावे. सुरुवातीला धुराने स्वागताचा विधी असतो. त्या वेळी मोबाइल खिशात ठेवावा.

किरकोळ तयारी थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर आगाऊ व्हिजिटर व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. मुंबईहून केर्न्सला थेट विमान नाही, सिंगापूर किंवा ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या मोठ्या शहरातून बदलून जावे लागते. विमानतळावर बरोबरचे सर्व खाद्यपदार्थ अर्जात जाहीर करावेत. चकल्या सुटतील, पेढे-बर्फी बहुधा टोपलीत जाईल. पण न सांगितलेल्या डब्यापायी होणारा दंड कोणत्याही फराळापेक्षा महाग पडतो. सहलीतले जेवण बहुधा मांसाहारी असते, तेव्हा शाकाहार आणि कांदा-लसूण यांविषयी आरक्षणातच लिहावे आणि तरीही दशम्या किंवा खाकऱ्यांसारखे काही जवळ ठेवावे. लांब बाह्यांचे पातळ सुती कपडे, मळखाऊ रंग, डासांचे मलम, टोपी आणि ओल्या फळीवर न घसरणारे बूट एवढे पुरे. पलीकडच्या फळबागांमध्ये स्थानिक फळांचे आइस्क्रीम मिळते आणि हंगाम असेल तर त्यात फणसही असतो. रत्नागिरीच्या माणसाने तिथे मत देण्याचा मोह आवरावा.

परतीच्या वेळी फेरीबोटीच्या धक्क्यावर, विशेषतः शाळांच्या सुट्ट्यांत, गाड्यांची रांग लागते आणि अंधार पडल्यावर रस्त्यावर वन्यप्राणी येत असल्याने चालक वेग कमी ठेवतात. सहलीच्या पत्रकात लिहिलेल्या वेळेपेक्षा तास-दीड तास उशीर गृहीत धरावा आणि त्याच रात्रीचे सिडनीचे विमान कधीही घेऊ नये.