पॅकेट ट्रेसरवर नेटवर्क सिक्युरिटी शिकवताना या चुका टाळा

पुण्यात इंजिनिअरिंगच्या मुलांचं नेटवर्क सिक्युरिटीचं प्रॅक्टिकल पॅकेट ट्रेसरवर (संगणकावरच आभासी नेटवर्क उभारून सराव करायचं सॉफ्टवेअर) घेते, तेव्हा दर बॅचला कुणीतरी आनंदाने ओरडतं, "मॅडम, पिंग बंद झालं, एसीएल चाललं!" मी विचारते, "बाकीच्यांचं चालू आहे का?" बघतो तर अख्खं नेटवर्क बंद.

पिंग म्हणजे समोरच्या मशीनपर्यंत पोहोचता येतंय का याची चाचणी, आणि एसीएल म्हणजे कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला अडवायचं याची राउटरवरची नियमांची यादी. सगळ्यात जास्त वेळ या एसीएलला द्या. परवा १९२.१६८.१०.५ या एकाच पीसीला सर्व्हरपासून अडवायचं होतं. मुलाने डिनायची (अडवायची) ओळ लिहून राउटरच्या इंटरफेसवर (जोडणीच्या पोर्टवर) लावली. पण एसीएलच्या शेवटी "उरलेलं सगळं अडवा" ही न दिसणारी ओळ असतेच. तिच्याआधी 'परमिट आयपी एनी एनी' (बाकी सगळ्यांना जाऊ द्या) हवं. मग त्याने यादी पुसून परमिट वर आणि डिनाय खाली लिहिलं, तर कुणीच अडेना. राउटर वरून खाली वाचतो आणि पहिली ओळ जुळली की थांबतो. अशा वेळी उत्तर सांगून टाकू नका. 'शो ॲक्सेस-लिस्ट्स' द्यायला लावा. कुठल्या ओळीवर किती पॅकेट जुळली हे त्याने स्वतः वाचलं, आणि चूक त्यालाच सापडली.

वाइल्डकार्ड मास्कही (नियम कुठल्या आयपी पत्त्यांना लागू हे ठरवणारा आकडा) तपासा. ०.०.०.२५५ च्या जागी सवयीने २५५.२५५.२५५.० लिहिलं जातं. एरर येत नाही, पण नियम हव्या त्या मशीनना लागूच होत नाही.

पहिलं पिंग हुकलं तर ते बहुतेक एआरपीमुळे (आयपीवरून मशीनचा हार्डवेअर पत्ता शोधण्यात वेळ जातो), पुन्हा करा. स्विचचा दिवा केशरी असेल तर तीसेक सेकंद थांबा. पोर्ट सिक्युरिटीने (परकं मशीन जोडू न देणारी स्विचची सोय) पोर्ट बंद पडला असेल तर आधी परकं मशीन काढा, मग 'शटडाउन' आणि 'नो शटडाउन'.

पॅकेट ट्रेसरमध्ये खरा हल्ला होत नाही, त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्सवर (संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) काली लिनक्स (हल्ल्यांच्या सरावाची साधनं असलेली सिस्टिम) लागतं. तिथली चूक मात्र महागात पडते. आमच्या लॅबमध्ये एकाचं मशीन ब्रिज्ड मोडवर, म्हणजे थेट कॉलेजच्या नेटवर्कला जोडलेलं राहिलं आणि त्याने एआरपी स्पूफिंग (खोटी एआरपी उत्तरं पाठवून इतरांची माहिती आपल्याकडे वळवणं) सुरू केलं. शेजारच्या लॅबचं इंटरनेट गेलं, तेही तिथे ऑनलाइन परीक्षा चालू असताना. त्या मुलांचे चेहरे मी विसरलेले नाही.

आता हल्ल्याच्या प्रॅक्टिकलला नेटवर्क होस्ट-ओन्लीवरच, म्हणजे फक्त त्या संगणकापुरतं. आयपी साधारणपणे १९२.१६८.५६ ने सुरू होतो. तिथे कॉलेजची रेंज दिसली, तर त्या मशीनवर मी पुढची कमांड देऊ देत नाही.