ई-लिक्विडच्या बाटलीचं झाकण नीट लागलंय का, हे कसं तपासाल

ई-लिक्विड म्हणजे ई-सिगारेटमध्ये भरायचं, बहुधा निकोटिन असलेलं द्रव. त्याच्या बाटलीच्या चाइल्डलॉक (मुलांना सहज उघडता येऊ नये अशा) झाकणात एकात एक दोन टोप्या असतात. बाहेरची खाली दाबली की तिचे दात आतल्या टोपीच्या खाचांत बसतात आणि मगच आटे सुटतात. म्हणून झाकण घट्ट लावल्यावर न दाबता उलटं फिरवून बघा. टक्‌टक्‌ आवाज करत ते नुसतं गरगरलं पाहिजे. सुटून हातात आलं, तर कुलूप नावापुरतंच.

कधीकधी दोष आट्यांत सुकलेल्या चिकट लिक्विडचा असतो. झाकण अर्ध्यावरच अडकतं आणि आपल्याला वाटतं, लागलं. ओल्या कापडाने आटे पुसा, कोरडे करा, पुन्हा तपासा. तरीही न दाबता उघडत असेल तर झाकणच बिघडलंय, बाटली बदला. तोंडातलं ड्रॉपरचं बूच उपटू नका. बाटली कलंडली तरी थेंबच पडावेत, म्हणून ते असतं.

आयएसओ 8317 या अशा झाकणांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत साधारण साडेतीन ते सव्वाचार वर्षांची निदान 85 टक्के मुलांना पहिल्या 5 मिनिटांत झाकण उघडता न येणं, ही पास होण्याची एक अट आहे. उरलेली उघडू शकतात! त्यामुळे बाटली कुलपातच ठेवा. निकोटिन कातडीतूनही शरीरात जातं. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. मुलाच्या पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, बाटलीसकट तडक दवाखाना गाठा.